नऊ पैची घारापुरी
रायगडच्या किनाऱ्याचा वारसा टपाल तिकिटांवर कसा उमटला, आणि तो कसा जमवावा

१५ ऑगस्ट १९४९ रोजी, स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्धापनदिनी, भारताच्या टपाल खात्याने रोजच्या वापरासाठी १६ तिकिटांची नवी मालिका काढली. तोवर घरोघरी येणाऱ्या टपालावर इंग्लंडच्या राजाची छबी असे. नव्या मालिकेत राजा नव्हता, पुढारीही नव्हता. अजिंठा, कोणार्कचा घोडा, नटराज, सांचीच्या स्तूपाचं पूर्वद्वार, बोधगयेचं मंदिर, विजापूरचा गोलघुमट, अमृतसरचं सुवर्णमंदिर, चितोडचा विजयस्तंभ, दिल्लीचा लाल किल्ला, ताजमहाल, कुतुबमिनार, पालीताण्याचं शत्रुंजय मंदिर अशी शिल्पं आणि वास्तू तिच्यात होत्या. देशाने आपली ओळख सांगायला दगडात कोरलेला इतिहास निवडला होता.

या मालिकेत नऊ पैचं एक पिवळसर हिरवं तिकीट होतं. त्यावर घारापुरीच्या लेण्यातली त्रिमूर्ती होती. घारापुरी बेट मुंबईच्या गेटवेवरून लाँचने गाठायचं असल्यामुळे पुष्कळांना ते मुंबईचंच वाटतं. प्रत्यक्षात ते रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. त्यामुळे स्वतंत्र भारताच्या नित्य वापराच्या पहिल्याच मालिकेत रायगडच्या किनाऱ्याला जागा मिळाली, आणि तीही अगदी स्वस्तातल्या तिकिटावर. १२ पैंचा आणा, १६ आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाला १९२ पै. शत्रुंजय मंदिराचं तिकीट १५ रुपयांचं होतं, घारापुरीच्या तिकिटाच्या ३२० पट किमतीचं. ते सामान्य माणसाच्या हाती क्वचितच येई. नऊ पैचं मात्र खेड्यापाड्यांत गेलं.

वारसास्थळांची तिकिटं जमवणारे जगभर आहेत. सुंदर चित्रांचा संग्रह म्हणून हा छंद चांगलाच आहे. पण तिकीट, त्यावरचा शिक्का आणि ती जागा या तीन गोष्टी एकत्र वाचल्या, की हा वारसा माणसांपर्यंत कसा पोचला त्याचा माग हाती लागतो. रायगडचा किनारा यासाठी फार चांगलं उदाहरण आहे.

कार्डावरची त्रिमूर्ती

७ डिसेंबर १९४९ रोजी स्वतंत्र भारताचं पहिलं पोस्टकार्ड निघालं. त्यावर हिरव्या रंगात त्रिमूर्तीच छापलेली होती. भारतात पोस्टकार्डाची सुरुवात १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला झाली होती. पुढच्या ७० वर्षांत कार्ड हे गरिबाचं पत्र झालं होतं. कोकणात तर त्याला वेगळंच मोल होतं. घरातला कर्ता पुरुष मुंबईत गिरणीत, गोदीत किंवा पेढीवर, आणि बाकीचं घर गावी. महिन्याची मनिऑर्डर आणि अधूनमधून येणारं कार्ड यांवर संसार चाले. वर मध्यभागी ‘श्री’, खाली ‘शि. सा. न. वि. वि.’, मग खुशाली, शेतीची चौकशी, गणपतीला येण्याचा बेत. या सगळ्या मजकुराच्या पाठीवर घारापुरीचे तीन चेहरे असत. ज्यांनी ते लेणं कधी पाहिलं नाही, अशा लाखो माणसांच्या हातांतून ते गेले.

असं एखादं जुनं कार्ड हाती आलं तर ते नीट वाचता यायला हवं. आधी किंमत पाहायची. पै किंवा आण्यांत असेल, तर छपाई १ एप्रिल १९५७ च्या आधीची. त्या दिवशी दशमान नाणी आली आणि तिकिटांवर नवे पैसे आले. मग पत्ता पाहायचा. ‘मु. पो. चौल, ता. अलिबाग, जि. कुलाबा’ अशा धर्तीचा पत्ता असेल तर पत्र बहुधा १९८१ पूर्वीचं, कारण त्या वर्षी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. पिनकोडची पद्धत त्या दिवशी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित होते. शेवटी शिक्के. एक जिथून कार्ड निघालं तिथला, दुसरा असलाच तर जिथे पोचलं तिथला. दोन्ही तारखा लागल्या, तर त्या काळी मुंबईहून मुरुडला किंवा श्रीवर्धनला कार्ड किती दिवसांत पोचे, हेही कळतं. ही माहिती छापील पुस्तकात शोधून सहसा सापडत नाही, ती त्या कार्डावरच असते.

म्हणूनच जुन्या पत्रावरचं तिकीट कापून किंवा भिजवून सोडवू नये. सुटं तिकीट फक्त चित्र सांगतं. पत्रावरचं तिकीट चित्र, गाव, तारीख आणि दर अशा चारही गोष्टी सांगतं.

तिकीट आणि मूळ शिल्प

नऊ पैचं तिकीट भिंगाखाली धरलं, तर बोटाच्या पेराएवढ्या जागेत तीन मुखं, उंच मुकुट आणि खांद्यापर्यंतचा भाग बसवलेला दिसतो. मूळ शिल्प वीस फुटांच्या आसपास उंच आहे. मुख्य लेण्याच्या दक्षिण भिंतीत, खोल कोनाड्यात ते कोरलेलं आहे. हे लेणं समोरून मागपर्यंत सुमारे ३९ मीटर खोल आहे, त्यामुळे बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत शिल्प पूर्ण दिसतही नाही. मग आधी मधला शांत चेहरा उजळतो. आपल्या डाव्या हाताचं मुख उग्र आहे, मिशा असलेलं, हाती साप धरलेलं. ते अघोर किंवा भैरव रूप. उजव्या हाताचं मुख कोवळं, जवळपास स्त्रीसारखं, हातात कमळ असलेलं. ते वामदेव किंवा उमा. तिकिटाच्या यादीत हे शिल्प ‘त्रिमूर्ती’ म्हणून नोंदलं गेलं असलं तरी अभ्यासक त्याला सदाशिव किंवा महेशमूर्ती म्हणतात, कारण तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. शिल्पाच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूला गंगाधर शिव आहे. हे काम साधारणपणे सहाव्या शतकातलं मानतात.

तिकिटाची प्रत खिशात ठेवून मूळ शिल्पासमोर उभं राहिलं, की चित्रकाराने काय घेतलं आणि काय सोडलं ते लक्षात येतं. कोनाड्याची खोली सुटली आहे, दोन्ही बाजूंचे द्वारपाल सुटले आहेत. राहिली ती तीन मुखांची बाह्यरेषा. नऊ पैच्या छपाईत तेवढीच स्पष्ट उमटू शकली असती आणि तेवढीच पुरेशी होती.

मूळ वास्तूशी तिकीट ताडून पाहण्याची सवय किती कामाची आहे, हे याच मालिकेतल्या एका आण्याच्या तिकिटाने दाखवून दिलं. त्यावरच्या बोधिसत्त्वाची प्रतिमा उलटी छापली गेली होती. मूर्तीचा जो हात पुढे आलेला हवा, त्याऐवजी दुसराच हात पुढे आलेला दिसत होता. १९५० मध्ये प्रतिमा सुलटी करून तिकीट पुन्हा छापलं. आज संग्राहक दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी लावतात. नवख्याला ती एकसारखी वाटतात. हात कुठला पुढे आहे ते पाहिलं की फरक कळतो.

ही तिकिटं छापली गेली ती नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. १९२५ च्या सुमारास हा छापखाना उभा राहिला आणि १९२६ पासून भारताची तिकिटं तिथे छापली जाऊ लागली. त्याआधी ती लंडनहून येत. म्हणजे शिल्प कोकणातलं आणि छपाई नाशिकची. तिकीट पालथं करून काळ्या पृष्ठभागावर धरलं, तर कागदात लहान लहान ताऱ्यांचं जलचिन्ह दिसतं. नकली आणि अस्सल तिकिटात फरक करताना संग्राहक आधी हे जलचिन्ह आणि मग कडेचे दाते तपासतात. दाते मोजायची पद्धत जगभर एकच आहे: दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रं बसतात, तो त्या तिकिटाचा आकडा.

घारापुरी कोरियात

या हिरव्या तिकिटाचा सर्वांत लांबचा प्रवास आजही फारसा कुणाला ठाऊक नाही. जुलै १९५३ मध्ये कोरियातलं युद्ध थांबलं. दोन्ही बाजूंच्या ज्या युद्धकैद्यांना मायदेशी परतायचं नव्हतं, त्यांची व्यवस्था लावायला तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते. कैद्यांच्या राखणीसाठी भारताने आपलं सैन्य पाठवलं. त्या तुकडीचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या महाराष्ट्राचे. हजारो मैल दूर गेलेल्या जवानांना घरी पत्र लिहिता यावं म्हणून १९४९ च्या मालिकेतल्या तिकिटांवर देवनागरीत काळ्या शाईने ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असं छापून ती ऑक्टोबर १९५३ मध्ये देण्यात आली. त्यांत नऊ पैची त्रिमूर्तीही होती. उरण तालुक्यातलं शिल्प अशा रीतीने कोरियातल्या छावणीत पोचलं. ही छापील अक्षरांची तिकिटं आज संग्राहक आवर्जून शोधतात. शांततेच्या कामासाठी परदेशी गेलेल्या भारतीय सैन्याची ती पहिल्या काळातली निशाणी आहे.

किनाऱ्यावरची बाकी पानं

घारापुरीपासून दक्षिणेकडे निघालं, की रायगडच्या वारशाशी जोडलेली आणखी तिकिटं एकेक करून सापडतात.

सुरुवात खाडीच्या पलीकडूनच करायला हवी. ६ मे १९३५ रोजी पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली म्हणून सात तिकिटं निघाली. त्यांतल्या अर्ध्या आण्याच्या तिकिटावर राजाच्या छबीसोबत गेटवे ऑफ इंडिया आहे. घारापुरीची आणि मांडव्याची लाँच इथूनच सुटते, त्यामुळे अलिबागकराच्या संग्रहात हे तिकीट पहिल्या पानावर शोभतं. याच संचात रामेश्वरमचं मंदिर, ताजमहाल आणि सुवर्णमंदिरही होतं. भारतीय तिकिटावर ऐतिहासिक वास्तू येऊ लागल्या त्या साधारण याच काळात.

रेवदंडा आणि चौलचं तिकीट मिळतं ते रशियात. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात, १४७० च्या आसपास, समुद्रमार्गे चौल बंदरात उतरला. तिथून तो बहमनी राज्यात बीदरपर्यंत गेला आणि जे पाहिलं ते त्याने लिहून ठेवलं. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, निकितीन त्याआधीचा. त्याच्या भारतयात्रेला ५०० वर्षं झाली म्हणून सोव्हिएत संघाने १९६६ मध्ये तिकीट काढलं. रेवदंड्यात निकितीनचं स्मारक आहे. चौलच्या नारळीपोफळीच्या बागांत आज बंदराच्या खुणा शोधाव्या लागतात, पण दूरदेशीच्या एका तिकिटाने त्या बंदराची आठवण जपली आहे. वारशाची तिकिटं शोधताना फक्त आपल्या देशाची यादी पुरत नाही, ती अशी.

रायगड किल्ल्याचा मान २ जून १९७४ च्या तिकिटाला जातो. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त हे २५ पैशांचं तिकीट निघालं. राज्याभिषेक झाला तो ६ जून १६७४ रोजी. मग तिकिटावर २ जून का? कारण तिथी. राज्याभिषेकाची तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, आणि १९७४ साली ती २ जूनला आली होती. पहिल्या दिवसाच्या शिक्क्याची तारीख पंचांगाशी जुळवली की हे उलगडतं. शिवाजी महाराजांचं तिकीट त्याआधी एप्रिल १९६१ मध्ये आलं होतं, आणि महाराजांच्या निधनाला ३०० वर्षं झाली तेव्हा, १९८० मध्ये, आणखी एक आलं. किल्ल्यांची म्हणून स्वतंत्र मालिका ३ ऑगस्ट १९८४ ची: ग्वाल्हेर, वेल्लोर, जोधपूर आणि आपला सिंहगड. सिंहगडाचं तिकीट दीड रुपयाचं होतं.

अलिबागचं तिकीट म्हणजे सरखेल कान्होजी आंग्र्यांचं जहाज. एप्रिल १९९९ मध्ये भारताच्या नौकानयनाच्या परंपरेवर निघालेल्या तीन रुपयांच्या तिकिटावर सन १७०० च्या सुमाराची आंग्र्यांच्या आरमारातली गुराब आहे. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, पुढच्या बाजूने तोफा डागणारं लढाऊ जहाज. तिच्या जोडीला वल्ह्यांवर वेगाने जाणारी गलबतं असत. इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या तिघांनाही या आरमाराने जेरीस आणलं होतं. कान्होजींचं १७२९ मध्ये निधन झालं. त्यांची समाधी अलिबागेत आहे. समोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. त्याच्या तटाचे मोठमोठे चिरे चुना न वापरता नुसते एकावर एक रचलेले आहेत, लाटेचं पाणी फटींतून आत शिरून जोर हरवतं आणि तट टिकतो. हे तिकीट पाहिलं की आधी ओहोटीची वेळ साधून किल्ल्यात चालत जावं, आणि मग समाधीकडे वळावं.

किनारा सोडून थोडं आत गेलं, तर जिल्ह्याचंच नेरळ-माथेरानचं छोटं इंजिनही सापडतं. डोंगरी रेल्वेच्या इंजिनांवर १९९३ मध्ये निघालेल्या चार तिकिटांत दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला यांच्या जोडीला ते आहे.

तिकीट आधी, यादी नंतर

‘जागतिक वारसा’ ही कल्पना रुजवण्यात टपाल तिकिटांनीही हातभार लावला आहे. इजिप्तमध्ये आस्वान धरणाच्या पाण्याखाली न्युबियातली प्राचीन मंदिरं जाणार होती. १९६० मध्ये युनेस्कोने जगाला मदतीचं आवाहन केलं. अनेक देशांनी या मोहिमेसाठी तिकिटं काढली आणि अबू सिंबेलची मंदिरं लाखो घरांत चित्ररूपाने पोचली. १९६४ ते १९६८ या काळात ती मंदिरं तुकड्यातुकड्यांनी कापून वरच्या पठारावर पुन्हा उभारली गेली. एका देशाचा वारसा साऱ्या जगाने वाचवायचा असतो, हा विचार त्या मोहिमेतून बळकट झाला, आणि १९७२ मध्ये जागतिक वारसा करार झाला.

भारतातली पहिली नावं त्या यादीत १९८३ मध्ये गेली: अजिंठा, वेरूळ, आग्र्याचा किल्ला आणि ताजमहाल. घारापुरी गेली १९८७ मध्ये. आता १९४९ ची मालिका पुन्हा समोर ठेवून पाहावी. अजिंठा, ताजमहाल, कोणार्क, खजुराहोचं कंदारिया महादेव मंदिर, घारापुरी, सांची, कुतुबमिनार, बोधगया, लाल किल्ला आणि चितोड: १६ पैकी १० तिकिटांवरच्या जागा पुढे जागतिक वारसा ठरल्या. शेवटचं चितोड २०१३ मध्ये, राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांसोबत. ही निवड करणाऱ्यांपुढे कुठलीही जागतिक यादी नव्हती. भारताची पहिली नावं तशा यादीत जायला अजून ३४ वर्षं होती. त्यांनी जे पारखलं ते जगाने पुढे मान्य केलं, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगायला हवी.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले या यादीत आले. त्यांतले दोन रायगड जिल्ह्यातले आहेत: राजधानीचा रायगड, आणि थळच्या समोर समुद्रात उभा असलेला खांदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी आणि सिद्दीने तो होऊ नये म्हणून समुद्रात लढाया केल्या. तरी किल्ला उभा राहिला. घारापुरी धरून रायगड जिल्ह्यात आता जागतिक वारशातल्या तीन जागा आहेत. इतका मोठा मान फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला येतो.

संग्रह कसा करावा

तिकिटं जमवण्याचे अनेक प्रकार आहेत. नवं तिकीट ज्या दिवशी निघतं, त्या दिवशीच्या शिक्क्यासह ते पाकिटावर लावलेलं असेल, तर त्याला फर्स्ट डे कव्हर म्हणतात. तिकिटासोबत माहितीपत्रक निघतं. तेही ठेवावं, कारण चित्र कुणाचं आणि कशावरून घेतलं ते त्यात दिलेलं असतं. एखाद्या स्थानिक प्रसंगाला किंवा स्थळाला उद्देशून टपाल परिमंडळ स्पेशल कव्हर काढतं. त्यावर खास शिक्का असतो, तिकीट मात्र चालू वापरातलं असतं. काही टपाल कार्यालयांत त्या गावच्या वास्तूचं चित्र असलेला कायमचा सचित्र शिक्का असतो, तो मागून घेता येतो. मॅक्झिमम कार्ड हा सर्वांत कसाचा प्रकार. चित्रकार्ड, त्याच्या चित्राच्या बाजूला लावलेलं तिकीट आणि शिक्का, तिन्ही एकाच विषयाचे हवेत. घारापुरीच्या शिल्पाचं कार्ड, त्यावर नऊ पैची त्रिमूर्ती आणि तिच्याशी नातं सांगणारा जुना शिक्का असा योग जुळला, तर संग्राहक ते वर्षानुवर्षं मिरवतो.

सुरुवात करणाऱ्याने मोठ्या टपाल कार्यालयातल्या फिलाटेलिक ब्युरोत किंवा काउंटरवर ठेवखातं उघडावं. त्यातून नवी तिकिटं निघतील तशी मिळत राहतात. आपल्याकडचा ब्युरो मुंबईच्या जीपीओत आहे. १९१३ मध्ये पुरी झालेल्या त्या इमारतीचा घुमट जॉन बेगने विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला, आणि तो गोलघुमट १९४९ च्या मालिकेत सहा आण्यांच्या तिकिटावर आहे. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श योजना आहे. अभ्यासात चांगल्या असलेल्या आणि तिकिटांचा छंद जोपासणाऱ्या निवडक मुलांना त्यातून वर्षाला ६,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. शाळांनी फिलाटेली क्लब काढून याचा जरूर लाभ घ्यावा.

किनाऱ्यावर राहणाऱ्या संग्राहकाचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात न वापरलेल्या तिकिटांचा गोंद ओलसर होतो आणि ती एकमेकांना किंवा पानाला चिकटतात. कागदावर तांबूस ठिपके पडतात, आणि एकदा पडले की सहसा जात नाहीत. त्यावर उपाय साधे आहेत. स्टॉकबुक आडवं न ठेवता उभं ठेवावं, म्हणजे पानांवर वजन येत नाही. पानांमध्ये बटरपेपर घालावा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वरचेवर बदलाव्यात. तिकीट बोटांनी न उचलता चिमट्याने उचलावं, कारण बोटांचा घाम आणि तेल कागदात मुरतं. लॅमिनेशन कधीही करू नये. त्याने तिकीट कायमचं वाया जातं. पावसाळा संपल्यावर, कोरड्या हवेत, एकदा सगळी पानं उघडून वारा द्यावा. चुकून दोन तिकिटं चिकटली तर ओढू नयेत. संग्रह जाणत्या माणसाला दाखवावा.

आता काय करता येईल

पोस्टकार्डं कमी झाली, पाकिटावर तिकिटाऐवजी यंत्राचा छापा येऊ लागला. त्यामुळे वापरलेलं, शिक्का मारलेलं, खरोखर प्रवास केलेलं तिकीट दिवसेंदिवस दुर्मीळ होत जाणार. ज्या गावांच्या टपाल कार्यालयांचे शिक्के आजही मिळतात, ते आजच घेऊन ठेवायला हवेत. अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन, महाड, उरण: या प्रत्येक गावाहून स्वतःच्या पत्त्यावर एक पाकीट टाकलं, त्यावर त्या परिसराशी नातं सांगणारं तिकीट लावलं आणि शिक्का ठळक मारून घेतला, तर थोड्या खर्चात एक अस्सल स्थानिक संग्रह उभा राहतो. किल्ल्याचं तिकीट हाती नसेल, तर किल्ल्याजवळच्या टपाल कार्यालयाचा शिक्का त्या पानाचा मानकरी होऊ शकतो.

कोरलई, जंजिरा, कुलाबा, खांदेरी या किल्ल्यांसाठी स्पेशल कव्हर किंवा सचित्र शिक्का हवा असेल, तर त्याची मागणी टपाल खात्याकडे रीतसर करता येते. इतिहास मंडळांनी, महाविद्यालयांनी आणि ग्रामपंचायतींनी अचूक माहिती, चांगलं रेखाचित्र आणि योग्य तारीख घेऊन पुढे यावं. माहिती अचूक असणं सर्वांत महत्त्वाचं, कारण एकदा छापलं गेलं की ते शंभर वर्षं बोलत राहतं. बोधिसत्त्वाच्या हाताने ते दाखवलंच आहे.

आणि ज्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात जुन्या पत्रांचे गठ्ठे आहेत, त्यांना कळकळीची विनंती आहे. ती रद्दीत देऊ नका, तिकिटं कापूनही काढू नका. मजकूर खाजगी असेल तर घरातच ठेवा. पण तारीख, गाव आणि तिकीट यांची एक यादी करा आणि ती गावच्या वाचनालयात द्या. किनाऱ्यावरच्या शंभर घरांनी हे केलं, तर कोकण आणि मुंबई यांच्यातल्या टपालाचा असा इतिहास जमेल, जो आजवर कुणी लिहिलेला नाही, आणि त्याची साधनं आपल्याच घरांत आहेत.